घाईत असलेली सावली

एकाच फणसाची फळी. तिच्यातून कापलेल्या दोन जुळ्या तबकड्या. दोन्हींवर रेषा ओढल्या त्या एकाच मुलीने, एकाच पट्टीने, एकाच दुपारी. आता त्यातली एक तबकडी अगदी बरोबर वेळ दाखवते आणि दुसरी मात्र रोज पंचवीस मिनिटं पुढे पळते. कसं काय बुवा?

चैत्राली केरकरला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. कोडं सुटलं नाही म्हणून कुणाची झोप उडत नाही म्हणा. पण या कोड्यापायी तिची जिवाभावाची मैत्रीण तिच्याशी बोलेनाशी झाली होती, आणि ते मात्र फार वाईट होतं.

तुम्ही मोठे होऊन आपल्या मुलांना शाळेत सोडायला जाल ना, त्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा चंद्रावर माणसांची वसाहत झालेली आहे. हातातली, भिंतीवरची, सगळी घड्याळं उपग्रहाकडून वेळ घेतात, त्यामुळे कुणाचं घड्याळ मागे नाही की पुढे नाही. चैत्राली वेंगुर्ल्याची. वेंगुर्लं पार पश्चिमेला, समुद्राच्या काठी. तिची आई नद्यांच्या पुराचा अंदाज बांधणारी शास्त्रज्ञ. आईची बदली झाली ती थेट सिरोंच्याला! महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेला, प्राणहिता नदीच्या काठी. निघताना सेलिना फर्नांडिसने तिला एक भेट दिली. सेलिनाचे बाबा सुतार, त्यामुळे तिचा हातही बसलेला. तिने फणसाच्या पिवळ्याधमक फळीच्या दोन तबकड्या केल्या, त्यांवर तापल्या सळईने तासांच्या रेषा डागल्या आणि मधोमध तांब्याचा तिरपा शंकू (ज्याची सावली वेळ दाखवते तो त्रिकोणी पत्रा) बसवला. झालं सूर्यघड्याळ तयार. एक तबकडी वेंगुर्ल्याच्या शाळेत राहिली, दुसरी चैत्रालीने हवाई बसमध्ये सबंध प्रवासभर मांडीवर धरली.

तबकडीच्या कडेला सेलिनाने एक सूचनाही डागली होती. 'घड्याळाशी जुळवताना ३५ मिनिटं मिळवा.' वेंगुर्ल्यात तसंच करावं लागायचं. का, ते कुणी विचारलं नव्हतं. मिळवलं की जुळतंय ना, मग झालं!

सोमवारी चैत्रालीने मोठ्या दिमाखात ती तबकडी नव्या शाळेच्या अंगणात मांडली. होकायंत्राने उत्तर दिशा पाहिली, शंकूचं टोक तिकडे केलं, सावली वाचली, पस्तीस मिनिटं मिळवली आणि वेळ जाहीर केली. सगळ्यांनी मनगटांकडे पाहिलं. तबकडी पंचवीस मिनिटं पुढे!

"तुमच्याकडचं ऊन लय घाईत असते का बाप्पा?" वर्गातला व्यंकटेश गग्गुरी म्हणाला. सगळे खो खो हसले. व्यंकी तसा मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

चैत्रालीचा चेहरा एवढासा झाला. तिने तबकडी थोडी फिरवून ठेवली, तेव्हा दुपारी सावली घड्याळाशी जुळली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पुन्हा सगळा घोळ. मग ती परत उत्तरेकडे केली. परत पंचवीस मिनिटं पुढे. संध्याकाळी रागाच्या भरात तिने सेलिनाला फोन लावला आणि नको ते बोलून बसली, "माझ्या फळीवरच्या रेषा तू कशाबशा उरकल्यास. स्वतःची तेवढी नीट केलीस."

सेलिनाने फोन ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर चैत्रालीच्या एकाही निरोपाला उत्तर नाही.

त्यात भर म्हणून काटेराव. काटेराव म्हणजे शाळेचा यंत्रमानव. खरं नाव 'शालेय सहायक' असं काहीसं होतं, पण त्याच्या काटेकोर स्वभावामुळे पोरांनी त्याचं बारसं नव्याने केलं होतं. शाळेतली प्रत्येक वस्तू तपासायची आणि चुकीचं मोजमाप देणारी वस्तू उचलून भंगारात टाकायची, हे त्याचं काम. मागे एकदा त्याने मुख्याध्यापकांचा वजनकाटाही उचलला होता. यंत्रमानवाला काय कुणाची भीड! तबकडीपुढे उभा राहून तो कोरड्या आवाजात म्हणाला, "चूक सुमारे पंचवीस मिनिटे. परवानगी पाच मिनिटांची. शुक्रवारच्या जोडवर्गानंतर ही वस्तू भंगारात जमा होईल."

आणि आज तो शुक्रवार उजाडला होता.

जोडवर्ग म्हणजे लांबलांबच्या शाळांनी पडद्यावर एकत्र बसून शिकायचा तास. आजचा विषय सूर्यघड्याळ, म्हणून बोरकुटे सरांनी वर्ग अंगणातच भरवला. डिसेंबरचं उबदार ऊन, भिंतीवर सोडलेला मोठा पडदा, समोर मध्यभागी तबकडी आणि तिच्याशेजारी राखणदारासारखा काटेराव. पडद्याचे दोन भाग होते. डावीकडे वेंगुर्ल्याच्या शाळेचं अंगण, तिथली जुळी तबकडी आणि तिच्यामागे मांडी घालून बसलेली सेलिना. चैत्रालीने हात हलवला. सेलिनाने मान वळवून उगाच माडाकडे पाहिलं.

उजवीकडे होत्या खगोलशास्त्रज्ञ डॉ. हेमलता उईके. पिकलेले केस, डोळ्यांत मिस्कील हसू, आणि मुक्काम थेट चंद्रावर.

"नमस्कार पोरांनो! मला प्रश्न विचारलात की थोडं थांबायचं. तुमचा आवाज इथे पोचायला सव्वा सेकंद आणि माझा तिकडे यायला सव्वा सेकंद. नाहीतर म्हणाल, म्हातारीला ऐकू येत नाही."

पोरं हसली. मॅडमनी दोन्ही तबकड्यांवरची वेळ विचारली. पस्तीस मिनिटं मिळवल्यावर वेंगुर्ल्याची तबकडी घड्याळाशी तंतोतंत जुळली. सिरोंच्याची पंचवीस मिनिटं पुढे.

"ही निकामी आहे," काटेराव म्हणाला.

"थांब रे बाबा, जरा दमाने घे," अडीच सेकंदांनी मॅडम म्हणाल्या. "मला सांग, पहिल्या दिवशी ही किती चुकत होती?"

"सुमारे पंचवीस मिनिटे."

"दुसऱ्या दिवशी?"

"कुणीतरी ती फिरवली होती. सरळ केल्यावर पुन्हा पंचवीस. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तितकीच."

चैत्रालीने मान खाली घातली. पण मॅडमचा चेहरा मात्र उजळला. "पोरांनो, बिघडलेली वस्तू कशी चुकते? कधी पाच मिनिटं मागे, कधी दहा पुढे, मनाला येईल तशी. पण जी चूक रोज तेवढीच होते ना, ती चूक नसते. ती आपल्याला काहीतरी सांगत असते. काय सांगते आहे ते ओळखायचं. चैत्राली, ती सूचना विसर आणि नुसती सावली बघ. कुठे आहे?"

चैत्राली वाकली. "बाराच्या रेषेच्या अगदी जवळ. आता टेकेल."

बाराची रेषा म्हणजे शंकूपासून सरळ उत्तरेला गेलेली मधली रेषा. सूर्य आकाशात सगळ्यात उंच येतो तेव्हा सावली तिच्यावर पडते. तो त्या गावाचा मध्यान्ह (दिवसाचा खरा मध्य). सगळे टक लावून बघत राहिले. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं होत आली आणि सावली रेषेवर अलगद बसली.

"आणि वेंगुर्ल्यात?"

सेलिनाने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "नाही अजून. बरीच लांब आहे."

"असं कसं?" व्यंकी उठूनच उभा राहिला. "सूर्य तर एकच आहे ना?"

"आहे की," मॅडम म्हणाल्या. "पण सकाळी तो कुठल्या बाजूने येतो?"

"पूर्वेकडून."

"आणि पूर्वेला कोण आहे?"

"आम्ही!" असं व्यंकी ओरडला खरा, पण चैत्रालीचे डोळे तेव्हाच विस्फारले होते. तिच्या डोक्यात काहीतरी जागच्या जागी बसत होतं. "थांबा, थांबा," ती म्हणाली. "सूर्य आधी आमच्याकडे येतो. म्हणजे खरं तर पृथ्वी फिरते, आणि आम्ही पूर्वेला आहोत म्हणून आम्ही सूर्यासमोर आधी येतो. वेंगुर्लं नंतर येतं. म्हणजे प्रत्येक गावाचा मध्यान्ह वेगळा! पण मग घड्याळं सगळीकडे सारखी कशी?"

"कारण तो आपण केलेला ठराव आहे, बाळा. पूर्वी गावोगावची वेळ खरंच निराळी असायची. मग आगगाड्या आल्या. प्रत्येक स्टेशनावर वेगळी वेळ म्हटल्यावर काय गोंधळ होईल! म्हणून देशाने प्रमाणवेळ ठरवली (सगळ्यांनी मिळून मान्य केलेली एकच वेळ). ती कुठल्या सूर्याची? साडेब्याऐंशी रेखांशावरच्या. रेखांश म्हणजे आपण पूर्व-पश्चिम किती लांब आहोत ते सांगणारा आकडा. तुम्ही दोघेही त्या रेषेच्या पश्चिमेला. म्हणून दोघांच्याही सावल्या घड्याळाच्या मागे."

"पण सारख्याच मागे नाहीत," चैत्राली पुटपुटली. तिने जमिनीवर खडूने आकडेमोड सुरू केली. व्यंकीने नकाशा उघडला आणि रेखांश वाचून दाखवले. सिरोंचा सुमारे ऐंशी, वेंगुर्लं पावणेचौऱ्याहत्तर.

"पृथ्वी चोवीस तासांत पूर्ण फिरते, म्हणजे तीनशेसाठ अंश," ती मोठ्याने बोलू लागली. "म्हणजे तासाला पंधरा अंश. म्हणजे एक अंश फिरायला चार मिनिटं. वेंगुर्लं त्या ठरलेल्या रेषेपासून पावणेनऊ अंश. गुणिले चार... पस्तीस! सेलिनाने डागलेली पस्तीस मिनिटं ती हीच!"

"आपण किती लांब?" व्यंकीने विचारलं.

"अडीच अंश. म्हणजे दहा मिनिटं. इथे फक्त दहा मिळवायची, आणि मी वेड्यासारखी पस्तीस मिळवत बसले. पस्तीसातून दहा गेले..."

"पंचवीस!" सगळा वर्ग ओरडला. बोरकुटे सर खांबाला टेकून नुसते हसत होते. त्यांना बहुतेक पहिल्या दिवसापासूनच माहीत असावं, पण त्यांनी मुद्दामच तोंड उघडलं नव्हतं.

काटेराव मात्र हटला नाही. "हे गणित झाले. पुरावा नव्हे."

"खरं आहे त्याचं," मॅडम म्हणाल्या. "शास्त्रात नुसतं गणित सांगून भागत नाही. चैत्राली, तुझं गणित बरोबर असेल तर आता काय घडायला हवं?"

चैत्रालीने क्षणभर विचार केला आणि छाती भरून श्वास घेतला. "वेंगुर्ल्याची सावली बाराच्या रेषेवर आमच्यानंतर पंचवीस मिनिटांनी टेकेल. ना आधी, ना नंतर."

"भाकीत नोंदवले," काटेराव म्हणाला. "खरे ठरले तर तबकडी येथेच राहील. न ठरले तर..." त्याने आपला लांब हात तबकडीच्या दिशेने थोडासा पुढे केला आणि तसाच ठेवला.

जेवणाची सुट्टी झाली, पण कुणी हललं नाही. डबे अंगणातच उघडले गेले. मॅडम म्हणाल्या, "वेळ आहे तोवर आणखी एक सांगते. शंकू ध्रुवताऱ्याच्या दिशेने तिरपा असावा लागतो, आणि ध्रुवतारा किती उंच दिसतो ते अक्षांशावर ठरतं (विषुववृत्तापासून आपण उत्तरेला किती, ते सांगणारा आकडा). सिरोंचा वेंगुर्ल्यापेक्षा तीन अंश उत्तरेला आहे. तेव्हा तबकडीच्या उत्तरेकडच्या कडेखाली तीन अंशांची पाचर सारा. म्हणजे सकाळ-संध्याकाळची बारीकशी चूकही जाईल. दुपारी फरक पडत नाही, म्हणून आत्ता घाई नाही. आणि सूर्य घड्याळाचं नेहमीच ऐकतो असं समजू नका हं. या दिवसांत दोघांचं बरं जमतं, पण वर्षाच्या काही महिन्यांत पाव तासापर्यंत बिनसतं."

व्यंकी पळत गेला आणि शेजारच्या सुताराकडून सागवानाचा तुकडा घेऊन आला. कोनमापक लावून तो पाचर घासायला बसला. "आमचा सागवान," तो चैत्रालीला ऐटीत म्हणाला. "तुमच्या फणसाले आधार देईन."

चैत्राली हसली. मग पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. आता बोलायलाच हवं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर.

"सेलिना, तुझ्या रेषा बरोबर होत्या. चूक माझी होती. मी तुला उगाच बोलले."

सेलिनाने नाक उडवलं. "रेषा बरोबर आसत, ह्या माका ठावक होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस खंय?"

खरंच की. विचारलंच नव्हतं. चैत्रालीला स्वतःचीच लाज वाटली. पण एवढ्यात वेंगुर्ल्याच्या अंगणात गडबड उडाली. कोपऱ्यातल्या माडाच्या झावळ्यांची सावली सरकत सरकत तबकडीच्या कडेवर आली होती. थोड्या वेळात ती अख्खी तबकडी झाकणार आणि शंकूची सावली दिसणारच नाही!

"आता गो?" सेलिना घाबरली. रुसवाबिसवा सगळा विसरून तिने थेट चैत्रालीकडे पाहिलं. "हलवू काय तबकडी? हलवली तर चुकेल?"

सगळा वर्ग चैत्रालीकडे बघू लागला. काटेरावचा हात तसाच पुढे होता.

गेल्या पाच दिवसांत ती हेच शिकली होती, तेही चुकून चुकून. "सरकव," ती ठामपणे म्हणाली, "पण फिरवू नको! मी फिरवली आणि फसले. खाली लाद्या आहेत ना? तबकडीची कड लादीच्या रेघेशी समांतर ठेव आणि तशीच सरळ उन्हात ओढ. दोन हात सरकवली तर सूर्याला काही कळत नाही. सातशे किलोमीटर नेली तर मात्र कळतं!"

चंद्रावरून मॅडमचं हसू अडीच सेकंदांनी आलं. सेलिनाने जीभ दातांत धरून तबकडी लादीच्या रेघेच्या कडेकडेने ओढली. तसूभरही वाकडी होऊ दिली नाही. तबकडी लख्ख उन्हात आली.

"मॅडम," सेलिनाने कपाळाचा घाम पुसत विचारलं, "तुमच्याकडे असतं का सूर्यघड्याळ?"

"आहे की. पण माझ्या तबकडीवर सावलीला एका तासाच्या रेषेवरून दुसरीवर जायला तुमचे साडेएकोणतीस तास लागतात. इथला एक दिवस म्हणजे तुमचा जवळजवळ महिना! मी पत्र्याची जुजबी तबकडी केली आहे, पण तुमची पाहून हेवा वाटतो. त्या फणसाची आणखी एखादी फळी उरली आहे का गं?"

"एक आसा!" सेलिना उसळून म्हणाली. "पण रेषा कशा काढायच्या, ते गणित..."

"ते मी करते," चैत्राली म्हणाली.

"आणि पाचर मी," व्यंकीने हात वर केला.

"ठरलं तर. पाठवा पुढच्या यानातून. आणि मिळवायची मिनिटं नीट मोजा हं, इथे पस्तीस मिळवून काम भागायचं नाही."

वेळ भरत आली. पडद्यावर फक्त तबकडी, तिच्यावरची सावली आणि तिच्यावर वाकलेली सेलिना. सिरोंच्याच्या अंगणात पन्नास पोरं श्वास रोखून बसली होती. इथली सावली बाराची रेषा ओलांडून केव्हाच पुढे गेली होती. चैत्रालीने तिच्याकडे पाहिलं आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन हळूच म्हणाली, "सेलिना, सूर्य धाडलंय गो तुका. इलो की सांग."

सेलिना हसली. भांडणानंतर पहिल्यांदा हसली. तिने तबकडीवरून नजर काढली नाही. सावली केसभर सरकली, आणखी केसभर सरकली...

"इलो!" ती किंचाळली. "इलो गो, इलो!"

सावली रेषेवर टेकली होती. काटेरावने वेळ पाहिली, बरोबर पंचवीस मिनिटं झाली होती. पुढे केलेला हात त्याने मागे घेतला आणि तोच हात खाली नेऊन तबकडीवर उडालेली खडूची पूड अलगद झटकली.

"नोंद दुरुस्त केली आहे," तो म्हणाला. "तबकडी बिघडलेली नाही. तिची फक्त जागा बदलली आहे."

व्यंकीने पाचर पुढे केली. चैत्रालीने ती तबकडीखाली सारली, सळई तापवायला ठेवली आणि जुन्या पस्तीसला हात न लावता त्याच्याखाली नवी ओळ डागली. 'सिरोंचा, १० मिनिटं मिळवा.'